लांब पेचकस

"आवाज येऊन राह्यला भाऊ! मी काय खोटं बोलून राह्यली का?" बेबीताई जवळजवळ ओरडल्याच.

धर्मपाल मिस्त्रीने गाडी गॅरेजसमोर उभी केली आणि किल्ली हातातच ठेवली. पांढरकवड्याच्या बायपासला चक्कर मारून दोघं नुकतीच परतली होती. वाटभर बेबीताई पुढच्या चाकाकडे बोट दाखवून "हा पाहा, आता आला" म्हणत होत्या आणि धर्मपालला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. इंजिन ठीक, गिअर ठीक, टायर ठीक. मग ही बाई तिसऱ्यांदा गाडी घेऊन कशाला आली? आणि एवढी ओरडते कशाला?

बेबीताईंचं लग्नकार्याला सामान भाड्याने देणारं बिछायत केंद्र होतं. जंगलातल्या गावांपर्यंत मांडवाचे बांबू, स्वयंपाकाचे मोठे गंज, खुर्च्या पोचवायच्या तर नाले ओलांडावे लागत आणि गाडीचं पोट दगडांना घासे. म्हणून दिवाळीनंतर धर्मपालने त्यांचा जुना, गरजेला चारही चाकांना जोर देणारा फोर बाय फोर पिकअप चार बोटं उंच करून दिला होता. काम अगदी मन लावून केलं होतं. त्या कामात खोट काढणं म्हणजे त्याच्या तीस वर्षांच्या नावालाच हात घालणं होतं.

कारण नाव होतंच तसं. बोर्डावर लिहिलं होतं, 'आवाजावरून फॉल्ट ओळखू'. पेंटरने हौसेने शेजारी एक कानही काढला होता, तो बराचसा करंजीसारखा दिसायचा. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगून टाकायचं. यवतमाळहून गाड्या यायच्या त्या या कानासाठी.

आता रस्त्यापलीकडे राजदीपचं गॅरेज झालं होतं. शिकला धर्मपालच्याच हाताखाली, आणि आता कॉम्प्युटर लावून फॉल्ट सांगायचा. बेबीताई येताना त्याच्या दारात चहा प्यायल्या होत्या, हे धर्मपालने डोळ्यांनी पाहिलं होतं. शिकवून पाठवलंय बाईला, दुसरं काय?

आणि घरातलंही काही ठीक दिसत नव्हतं. गॅरेजचे फोन वर्षभरात बायकोने, प्रभावतीने, आपल्याकडे घेतले होते. गिऱ्हाईक आलं की आधी ती त्याच्याशी बोलायची, मग तो माणूस धर्मपालसमोर येऊन भांडायला आल्यासारखा मोठ्याने बोलायचा. आजही तिने बेबीताईंच्या जवळ जाऊन काहीतरी सांगितलं, स्वतःच्या कानाला बोट लावलं, आणि बेबीताईंनी मान हलवली. तो जवळ जाताच दोघी गप्प झाल्या. धर्मपालच्या डोक्याला तेव्हापासून भुंगा लागला होता.

"फोर बाय फोर टाकून पाह्यलं का?" त्याने विचारलं.

"टाकलं का बंद होते. काढलं का पुन्हा सुरू."

धर्मपाल हसला. चोर हाती लागला होता. "ताई, जोर पडला का आवाज वाढते. बंद होत नाई. हे कोनं शिकवलं तुमाले?"

"कोन शिकवन? कान हायेत न मले!"

तो शब्द त्याला फार झोंबला. "उघडतो डिफ्रन्शियल," तो म्हणाला. "आतलं बेअरिंग चांगलं निघालं तं पलीकडे जाऊन सांगजा, का धर्मपालचं काम चोख हाये."

"अन् खराब निघालं तं?"

"तं थो बोर्ड उतरवतो."

प्रभावती काहीतरी म्हणाली. त्याने लक्ष दिलं नाही.

गाडी लोखंडी घोड्यांवर चढली, चाकं अधांतरी झाली. त्याने पुढच्या डिफ्रन्शियलचं, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याचं, तेल काढलं, ॲक्सल ओढून बाजूला ठेवला, सील उचकटलं आणि आतल्या बेअरिंगला पुलर लावला. बेबीताई स्टुलावर बसून होत्या. जुना पार्ट घरी न्यायचा, तो पिशवीत पडेपर्यंत मिस्त्रीच्या हातावरची नजर काढायची नाही, हा इकडचा गाडीवाल्यांचा शिरस्ता. एरवी धर्मपालला त्याचा राग येत नसे. आज मात्र ती नजर पाठीला टोचत होती.

बेअरिंग निघालं तेव्हा नेमका बेबीताईंना फोन आला आणि त्या बोलत रस्त्यापर्यंत गेल्या.

त्याने ते डिझेलमध्ये धुतलं. सुयांसारखे बारीक रोलर करंगळीने फिरवले आणि बोट अडलं. एकाच अंगाला चर पडला होता, दोन रोलर चक्क चपटे झाले होते. गाडी वर उचलल्यामुळे ॲक्सल तिरपा झाला होता. फोर बाय फोर टाकलं की तो ओढून सरळ व्हायचा, काढलं की सैल पडून एकाच बाजूला घासायचा. बाईने सांगितलं होतं ते अक्षरन् अक्षर खरं होतं. गाडी उचलताना डिफ्रन्शियलचा तो डबा, हौसिंगही, तेवढंच खाली घ्यायला हवं होतं, ते राहिलं होतं त्याच्याकडूनच.

असलं बेअरिंग कसं किंचाळतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मैलभर किंचाळलं असेल, आणि तो शेजारी बसून गाडी चालवत होता.

त्याला भीती वाटली. भंगाराच्या डब्यात त्याच मापाचं एक जुनं पण चांगलं बेअरिंग होतं. बेबीताईंची पाठ होती. नुसता हात घालायचा आणि हेच निघालं म्हणायचा अवकाश. हात डब्यापर्यंत गेलाही, आणि त्याने वर पाहिलं तर दारात प्रभावती उभी होती.

"प्रभा, मले आयकू येत नाई का वं?"

ती जवळ आली, त्याच्या समोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "वरीस होत आलं. तुमाले सांगाची हिंमत नाई झाली. लोकाइलेच सांगून ठेवलं, समोर उभं राहून जोरानं बोलजा म्हनून. राजदीपलेबी."

म्हणजे कोणी सामील नव्हतं. ते सगळे वर्षभर त्याला सांभाळून घेत होते आणि तो एकेकाच्या तोंडाकडे चोरासारखा पाहत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बेबीताई परतल्या तेव्हा त्याने खराब बेअरिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. "तुमचं खरं होतं, ताई. चूक माह्यी हाये."

त्यांनी ते पाहिलं, बोर्डावरच्या करंजीसारख्या कानाकडे पाहिलं. "बोर्ड राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच हळू. त्याला ते ओठांवरून कळलं.

नवं बेअरिंग दुसऱ्या दिवशी नागपूरहून बसने आलं. धर्मपालने ते बसवलं, हौसिंग खाली घेतलं, सगळं आवळलं. गाडी अजून घोड्यांवरच होती. त्याने पुन्हा आलेल्या बेबीताईंना पुढचं चाक हाताने जोरात फिरवायला सांगितलं, फळीवरून लांब पेचकस काढला आणि सवयीने मूठ कानाकडे नेली. मग थांबला. मूठ सदऱ्याच्या बाहीला पुसली.

"प्रभा, इकडे ये."

त्याने टोक हौसिंगवर नेमकं टेकवलं आणि मूठ तिच्या कानाला लावली. ती गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिली.

"डोये मिट," तो म्हणाला. "मंग आयकू येते."

तिने डोळे मिटले. चाक फिरत होतं. धर्मपालने पेचकस घट्ट धरला होता आणि तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत वाट बघत होता.