पिशवीतली नात

म्हसावदच्या भिकुबाईंच्या हातून गल्लीतली निम्मी बाळं न्हाऊन निघाली होती. बाळ आलं की आधी कोमट पाणी, मग तेल, मग बाकीचं जग, असा त्यांचा कायदा. त्यामुळे सातव्या महिन्यातच सून काजलच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा बाई मागोमाग पितळी घंगाळ घेऊनच निघाल्या.

ऑपरेशन झालं, मुलगी झाली. दाराच्या काचेतून बाईंनी पाहिलं ते भलतंच. नर्स आशानं त्या ओंजळभर पोरीला ना न्हाऊ घातलं ना पुसलं. ओलीच्या ओली प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यापर्यंत सरकवली, डोकं तेवढं पुसून टोपी घातली आणि गरम दिव्याखाली ठेवली.

बाईंनी दार ढकललं. "ये बाई, मन्ही नात शे ती, भाजीपाला नही."

"आजी, एवढ्या लवकर आलेल्या बाळाला अंगची ऊब धरता येत नाही," आशा म्हणाली. "ओल उडाली की ते गार पडतं. पिशवीत ओलही राहते, ऊबही राहते. आंघोळ घातली तर पोर हातची जाईल."

बाई घंगाळासकट पुढे सरकल्या. तेव्हा आईपुढे कधी ब्र न काढणारा त्यांचा मुलगा, केळीच्या बागेत राबणारा भटू, दारात आडवा उभा राहिला.

"माय, थंडीमा केयीना घडले आपण थैली घालतस ना?"

"घडले आंगोय कोण घालस रे?"

"कोणीच नही. म्हनीसन तर तो पिकस."

बाईंनी माघार घेत घंगाळ खाली ठेवलं. असं सहसा होत नसे.

थोड्या वेळानं आशा बाहेर आली. पोरीचा श्वास नीट चालला होता, आता तिला कुणाच्या तरी उघड्या छातीची ऊब हवी होती. काजल अजून आतच होती. भटू शर्टाची बटणं सोडायला लागला आणि सटासट शिंकला. आशानं त्याला बाहेरचा रस्ता दाखवला आणि बाईंकडे पाहिलं.

आरशासमोरही पदर सावरणाऱ्या भिकुबाई हात धुऊन पडद्याआड बसल्या. छातीवर नात, वरून पांघरूण. इवलंसं काळीज त्यांच्या काळजाला लागून धडधडलं आणि बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

मग मात्र त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला. पंखा बंद करवला. भटूला शिंकायचं असेल तर थेट म्हसावदला जाऊन शिंक म्हणून बजावलं. शेजारच्या फुलवंताबाई तेलाची वाटी घेऊन आल्या आणि पोरीला न्हाऊ घातलं का म्हणून विचारू लागल्या.

"आठे आंगोयनं नाव काढू नको," बाई खेकसल्या. "मन्ही नात थंडी पडी जाई."

संध्याकाळी काजलला वॉर्डात आणलं. चेहरा पांढराफटक. "आत्याबाई, माले द्या ना."

घरात दुधाचं पातेलंही बाईंनी सुनेच्या हाती सुखासुखी दिलं नव्हतं. आता तर त्यांना सरळ भीतीच वाटली. काढताना पोर गारठली तर? या कालच्या पोरीला जमेल का? त्यांनी काजलच्या गळ्याखाली तळहात टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

"मन्ह्यापेक्षा गरम शे तू," त्या म्हणाल्या.

आशानं नातीला अलगद उचलून आईच्या छातीवर ठेवलं. पोरीनं बोटं पसरली आणि ती आईला बिलगली. चोळीचे हूक लावायचं विसरून बाई तशाच बसून राहिल्या.

"आशा," त्या हळूच म्हणाल्या, "ते पांघरूण माले दे वं. आते मालेच थंडी वाजी ऱ्हायनी."