हलीमच्या नावाची मूठ

या मायबापहो, असे जवळ सरका, टाळ मांडीवर ठेवा. सिहोऱ्याच्या सत्यभामाबाईची गोष्ट सांगतो. या गोष्टीत एका परक्या मुलखातला भटारखानाही आहे.

सत्यभामाबाईचा मुलगा धनंजय सातासमुद्रापार एका बंदरावर क्रेन चालवतो. तिथे लढाई पेटली, बॉम्ब पडले आणि त्याचा फोन लागेनासा झाला. गावच्या देवळात सप्ताह चालला होता. एरवी मृदंगाची थाप ऐकली की हातातलं काम टाकून धावणारी ही बाई आता टीव्हीसमोरून हलेना. बातम्या लागण्याआधी ती टीव्हीला हळदकुंकू वाहायची, वर तुळशीचं पान ठेवायची, पोथी उघडताना ठेवतात तसं. समोर बसून कुणी वाचून दाखवलं ते खरंच असतं, हे तिनं जन्मभर मानलेलं. सून दामिनी तुमसरच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ती शेजारी बसून अर्थ सांगायची.

"हे लोक म्हणून राहिले, शत्रूचं गोदाम उडवलं. दारूगोळ्याचं."

"आन् माणसं?"

"माणसांचं काही नाही सांगत, आई."

दामिनीनं दुसऱ्या देशाची वाहिनी लावली. धनंजयच्या बंदरावरचा धूर तोच, पण इथे बाजार जळाला होता आणि एक रडणारी बाई पुन्हा पुन्हा दाखवत होते. तिसऱ्या वाहिनीवर नुसता स्फोट झाला होता. तो कुणी केला यावर दोन्ही बाजूंचं भांडण, आणि लगेच तेलाचे भाव.

"धूर एकच हाय ना वं?"

"एकच आहे. त्याच जागेचा."

"मंग एका पोथीतून तीन कथा कायच्या निंगून राहिल्या?"

दारात बसलेले कृष्णराव, तिचे यजमान, कीर्तनात बुवांच्या मागे झील धरणारे. ते म्हणाले, "एक बुवा सीताहरणापासून लावते, दुसरा शूर्पणखेच्या नाकापासून. जिथून सुरू केली तसा लोकाइले राग येते."

"तुमचा राग ठेवा तुमच्यापाशी. मले माझा पोरगा पायजे."

त्यानंतर दामिनी गोदामवाली वाहिनीच लावून बसायची. नुसतं गोदाम जळालं असेल तर नवरा सुखरूप होता. सासूच्या डोळ्यांपुढून मात्र ती रडणारी बाई जाईना.

काल्याचा दिवस उजाडला. त्यांच्या गावची रीत अशी, की वर्षभरात ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं त्याच्या नावाची मूठभर लाही काल्याच्या हंडीत टाकायची. देवळात द्यायच्या लाह्या सुपात होत्या, पण सत्यभामाबाईचा हात सुपाकडे जाईना.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, मी बरा हावो. टॉवर पडले होते."

सत्यभामाबाईनं फोन सुनेपुढे धरला. दामिनीनं तो स्पीकरवर टाकला, डोळे पुसत विचारलं, "तिथं गोदाम होतं का बाजार?"

 धनंजय म्हणाला, "गोदाम होतं. त्याच्या आडोशाले हलीमचाचाचा भटारखाना होता. रोज सकाळी गरम रोटी हातात द्यायचा. म्हणायचा, तुझ्या मायले सांग, पोरगा उपाशी नाही. तो गेला. एका बातमीत तो नाहीच, दुसरीत नुसता आकडा हाये. आई, त्याचं नाव घेजो कुठंतरी."

सत्यभामाबाई उठली. टीव्हीवरचं तुळशीचं पान उचललं, सूप कमरेवर घेतलं आणि देवळात गेली.

"बुवा, एक मूठ टाकाची हाय."

शेजारची चंद्रकला तोंडावर पदर धरून रडायलाच लागली.

"रडू नको वं, धनंजय बरा हाये. हलीमच्या नावानं टाकाची हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "तो आपला कोण लागते?"

"माझ्या लेकराले रोज भाकर देनारा माझा कोण लागन, तूच सांग."

कीर्तनकार मधुकररावबुवांनी हातातली चिपळी खाली ठेवली. "काल आपण रावणाचंही क्रियाकर्म केलं कथेत," ते म्हणाले. "हा तर रोटी देणारा होता." आणि हंडी त्यांनी स्वतः तिच्यापुढे धरली.

तिनं मूठ उघडली. "हलीम," ती म्हणाली, आणि लाह्यांवर ते पान ठेवलं. कृष्णरावांनी मागून नावाला झील धरली. मग सगळ्यांनीच धरली.

तेव्हा मायबापहो, घरी टीव्हीवर कोणाचीही कथा लागलेली असो. ताटात गरम भाकर पडली, की पहिला घास मोडताना त्या हलीमची आठवण करा.