व्यायामवाल्या बाई

"कोट इथेच काढा. गळ्यातलं ओळखपत्रही," दादा दारातच म्हणाला. "आत गेलात की तुम्ही व्यायामवाल्या बाई. नर्स नाही. आणि संस्थेचं नाव तर चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका."

सिस्टरांनी कोट काढला, घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "व्यायाम घेईन मी, तोही लागतोच. पण काकांनी सरळ विचारलं, तर खोटं बोलणार नाही. आमच्याकडे तसा नियम आहे."

"ते विचारणारच नाहीत."

"मग प्रश्नच नाही."

दादाला ते पटलं. दादाला पटलेलं आईला पटायचंच. "त्यांनी हाय खाल्ली तर आहेत तेवढे दिवसही जातील," ती कुजबुजली. मी म्हटलं, बाबांना सांगायला हवं, मरण त्यांचं आहे. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "हे सगळं तुझ्या पुस्तकांत ठीक आहे." विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. उभा जन्म दोन मजल्यांच्या मधे गेला, असं तेच म्हणायचे. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायचे. कुठे कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की हत्यारांची पिशवी उघडायच्या आधी ते दाराच्या फटीशी तोंड नेऊन आत ओरडत, "मी आलोय. अर्धा तास लागेल. खाली बसून घ्या." बाहेर जमलेले लोक चिडत. "अहो, आत म्हातारं माणूस आहे. दोन मिनिटं म्हणा की!"

"अर्धा तास माणूस काढतो," बाबा स्क्रू सोडवता सोडवता म्हणत. "न संपणारी दोन मिनिटं नाही काढता येत."

हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढेपुढे त्याचा कंटाळा यायचा.

दुखणं पोटातून सुरू झालं. हॉस्पिटलने हात टेकले ते दादाला बाजूला घेऊन. दादा खोलीत आला आणि बाबांना म्हणाला, "सूज आहे नुसती. उतरली की पंधरा दिवसांत उभे राहाल." बाबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. बाकी काही विचारलं नाही. दादाने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला, आणि खरं सांगायचं तर आम्ही सगळ्यांनीच लावला.

मग शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची घरी येऊन काळजी घेणाऱ्या एका संस्थेची ही माणसं यायला लागली. डॉक्टर यायचे ते 'दादाचे मित्र' म्हणून. एक किडकिडीत गृहस्थ यायचे, ते स्वयंपाकघरात आईजवळ बसून नुसतं ऐकायचे. आई त्यांना 'ऐकणारे भाऊ' म्हणू लागली. आणि सिस्टर. त्यांनी आम्हाला बाबांना कुशीवर वळवायला शिकवलं, गुडघ्यांमध्ये उशी द्यायला शिकवलं, सुकलेले ओठ ओल्या कापसाने कसे पुसायचे ते दाखवलं. "दुखायला लागल्यावर औषध द्यायचं नाही हं. दुखणं उंबऱ्याशी यायच्या आत ते पोटात गेलं पाहिजे," त्या सांगत. खोलीतला वास गेला. बाबांचं रात्रीचं कण्हणं थांबलं. आईला झोप लागू लागली. जे जे हलकं करता येण्यासारखं होतं ते त्यांनी हलकं केलं. फक्त बोलणं तेवढं आम्ही त्यांच्या हातात दिलं नव्हतं.

व्यायामाला एक पिवळा रबरी चेंडू होता. बाबा तो मुठीत दाबत आणि दादा शेजारी बसून मोजत असे.

"शाब्बास! कालच्यापेक्षा जास्त झाले, बाबा!"

"मग काय, पुढच्या शर्यतीत नाव घाल माझं."

दादा मोठ्याने हसायचा आणि हात धुवायला जायचा. नळ बराच वेळ चालू राहायचा.

एका दुपारी घरात आम्ही दोघंच जागे होतो. आई आतल्या खोलीत झोपली होती. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"बाबा, माझ्याशी काही बोलायचंय का तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ थोडे हलले. मी पुढे वाकले. तेवढ्यात बाहेर लिफ्ट घरघरली. बाबांची नजर माझ्यावरून दाराकडे गेली.

"आपल्याच मजल्यावर थांबतेय," ते म्हणाले. "दादा असेल. चेंडू दे इकडे."

मी चेंडू त्यांच्या हातात ठेवला. इतका राग आला होता, की तो हातात ठेवला की आपटला हे आता आठवत नाही. माणूस दारातून बाहेर पडायला निघालाय आणि याचा जीव चेंडूत, असं वाटलं. ज्यांनी कुणाला कधी दोन मिनिटं सांगितली नाहीत, त्यांनी आमचे पंधरा दिवस खरे मानले, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

एका सकाळी आई त्यांचं तोंड पुसत असताना ते गेले. माझ्याशी शेवटचं बोलले ते आदल्या संध्याकाळी. "पंखा जरा कमी कर," म्हणाले. मी केला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा सांगत होता, "शेवटपर्यंत त्यांना काही कळलं नाही. शांत गेले." सांगताना त्याचा आवाज भरून यायचा, आणि त्यात थोडा अभिमानही असायचा.

काही आठवड्यांनी सिस्टर पुन्हा आल्या. माणूस गेल्यावरही ही मंडळी घरच्यांना भेटायला येतात. या वेळी अंगात कोट होता. त्या आईजवळ बसल्या, तिचा हात हातात घेऊन तिचं सगळं ऐकून घेतलं. निघताना दादाने तो चेंडू त्यांना परत दिला. "दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. आणि आभार. तुमच्यामुळे त्यांना शेवटपर्यंत आशा राहिली." सिस्टरांनी चेंडू पिशवीत टाकला.

मी त्यांना खाली सोडायला निघाले. बाबांनी अंथरूण धरल्यापासून आमच्या इमारतीच्या लिफ्टकडे कुणी पाहिलं नव्हतं. दोन मजल्यांच्या मधे ती एक हिसका देऊन थांबली. दिवा चालू होता. मी घंटा दाबून धरली.

घंटेचा आवाज थांबल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ताई, काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं."

"काय?"

"किती वेळ उरलाय ते. तुम्ही सगळे बाहेर होतात. मी सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, चला, कुणीतरी आकडा सांगितला."

मी भिंतीला टेकले. "मग तो चेंडू?"

"मी तो बंद करणार होते. हात दुखायचा त्यांचा. तर म्हणाले, राहू दे. पोरगा मोजत बसतो, तेवढा वेळ तो रडत नाही."

"आणि मी? मी विचारलं होतं त्यांना. माझ्याशी तरी बोलायचं!"

"मीही तेच म्हटलं. म्हणाले, तिला आत्ता कळलं तर ती भावाशी भांडेल, आणि माझ्यामागे तेवढे दोघंच आहेत. मी गेल्यावर तिला सांगा. त्याला कधीच नको."

म्हणजे माझ्या वाट्याचे बाबा या बाईंना मिळाले होते. मला पंखा मिळाला, आणि आता हे. बाईंवर चिडायचीही सोय नव्हती. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं.

वर दारावर थापा पडल्या. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. दादा बाबांची हत्यारांची पिशवी घेऊन आला होता. जन्मात त्याने पाना हातात धरला नव्हता.

"घाबरू नकोस गं!" तो फटीतून ओरडला. "दोन मिनिटं! आत्ता काढतो!"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. जास्तच."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि त्या जमिनीवर बसल्या. मीही शेजारी बसले. वर दादाच्या हातून काहीतरी निसटलं आणि खणखणत शेजारून थेट तळाशी गेलं.

"झालंच!" दादा ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "झालंच बघ आता!"

"हो दादा," मी तोंड वर करून ओरडले. "हलली बघ जराशी. जमतंय तुला."

लिफ्ट तसूभरही हलली नव्हती.