नाव थोरल्याचं, नंबर धाकट्याचा

मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी गोड बोलणार नाही. माझी चार-पाच बटणं पार गुळगुळीत झाली आहेत. ती कोणाच्या नावापायी झिजली, तेवढं ऐका.

कारखान्यात माझं बटण न् बटण तपासून मला खोक्यात घातलं, तेव्हा मी मोठी स्वप्नं पाहिली होती. नशिबी आलं कुलूप-किल्लीचं दुकान! टेबलावर पितळेचा कीस, माझ्या अंगावर चहाचे डाग, आणि मालक असा की एंटर दाबायचं तरी खिळा ठोकल्यासारखं. त्याला सगळे धाकटा म्हणत. वडिलांच्या माघारी थोरल्या भावाशी भांडून त्याने हे वेगळं दुकान थाटलं होतं. रागाच्या भरात थोरल्याचा नंबर स्वतःच्या मोबाईलमधून काढलाच, बायकोलाही तिच्या मोबाईलमधून काढायला लावला.

दुकानाची वेबसाइट सुरू झाली, तेव्हा धाकट्याची बायको माझ्यापुढे बसायची. लोक इंटरनेटवर जे शब्द टाकून शोधतात, तेच आपल्या पानावर असले की गिऱ्हाईक आपल्याकडे येतं, हे तिला पक्कं कळलं होतं. दाराबाहेर अडकलेला माणूस काय लिहील, याचा विचार करून ती शब्द निवडायची. "किल्ली आत राहिली", "कुलूप फिरत नाही". बोटं हलकी, बसण्याआधी मला फडक्याने पुसायची. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

पण धाकट्याला दम कुठला!

"लोक थोरल्याचं दुकान शोधतात ना? मग त्याच्याच दुकानाचं नाव टाकतो. नाव त्याचं, नंबर माझा!"

"अहो, सख्खा भाऊ आहे तो. शोभतं का हे?"

"भाऊ गेला खड्ड्यात. तू चहा टाक."

आणि त्याने पानापानावर, कोपऱ्याकोपऱ्यात थोरल्याच्या दुकानाचं नाव कोंबलं. बडव, बडव, बडवलं मला. फोन येऊ लागले. कोणी थोरल्याची चौकशी केली की हा म्हणायचा, "ते दुकान बंद पडलं हो. मालक लबाड निघाला. मी येतो ना!" निर्लज्ज मेला! मला हात असते तर कानाखाली आवाज काढला असता.

एके दुपारी फोन आला. बोलणारा घाबरलेला होता. त्याच्या शेजारच्या आजी घरात पडल्या होत्या, पाय हलत नव्हता, दार आतून बंद. मुलाचा नंबर त्यांना पाठ नव्हता, म्हणून त्यांनी दाराआडून मुलाच्या दुकानाचं नाव सांगितलं होतं.

"ते दुकान बंद पडलं. मालक लबाड..." धाकट्याने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली.

पलीकडे फोन स्पीकरवर होता. दाराआडून कण्हत आवाज आला.

"धाकट्या, तूच का रे तो?"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आई! आलोच मी, हत्यारं घेऊन येतो!"

"तू नको. थोरल्याला पाठव. तुझ्या हाताने हे दार उघडायचं नाही."

धाकट्याने मला पुढे ओढलं. त्याची बोटं पहिल्यांदाच हळू पडत होती. त्याने थोरल्याच्या दुकानाचं नाव लिहिलं. पडद्यावर सगळ्यात वर ते नाव आलं आणि त्याखाली त्याचा स्वतःचाच नंबर. त्याने पान खाली सरकवलं. पुन्हा स्वतःचाच नंबर. तिकडे आई कण्हत होती. भोग आता, म्हटलं मी!

शेवटी बायकोने त्याला बाजूला ढकललं आणि खाली, पार खाली जाऊन थोरल्याचा नंबर शोधून काढला. थोरला धावत गेला, दार उघडलं, आईला दवाखान्यात नेलं. धाकटा मात्र जिन्यातच उभा राहिला, असं त्याची बायको नंतर कोणाला तरी सांगत होती.

पुढे धाकट्याने नवा कीबोर्ड आणला. जणू खोट माझ्यातच होती! मी आता मोडक्या कुलपांच्या डब्यात पडून आहे.

मित्रांनो, कीबोर्डवर खुशाल चहा सांडा, धूळ बसू द्या. पण त्याच्यावर कोणाचं नाव पुसायला बसाल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा, उद्या तेच नाव तुम्हालाच शोधावं लागेल.