मेबलचे उबदार घर

मित्रांनो, माझ्या फळ्यांना नाक लावलेत तर अजूनही लव्हेंडरचा वास येईल. कासवाच्या घराला असला वास कसा, असे तुम्हाला वाटेल. त्याचे असे आहे की मी आधी कपाट होते. एडना आजींचे कपड्यांचे कपाट. त्या आपल्या झग्यांमध्ये लव्हेंडरच्या सुकलेल्या फुलांच्या पुरचुंड्या ठेवत, आणि लाकूड वास सहजासहजी सोडत नाही.

वसंतात एडना आजी गेल्या. मुलगी रोझलिन त्यांचे कपडे बांधून घेऊन गेली. मी रिकामे उरले. नॉर्मन आजोबांना मला पाहवेना आणि टाकूनही देववेना. उन्हाळाभर ते माझ्याकडे पाठ करून झोपत.

मग मेबल आजारी पडली. मेबल हे एडना आजींचे कासव. आजी शाळेत असताना त्यांच्या वडिलांनी ते बाजारातून आणले होते. लग्न होऊन त्या या डोंगरातल्या गावी आल्या, तेव्हा ट्रंकेबरोबर मेबलही आली. दर हिवाळ्यात ती पेंढ्याने भरलेल्या खोक्यात झोपून राही आणि वसंतात डॅफोडिलची फुले उमलली की जागी होई. पण त्या वर्षी पाने गळायच्या दिवसांत तिचे नाक वाहू लागले. ती खाईना. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "यंदा हिला झोपू द्यायचं नाही. झोपली तर उठायची नाही. हिवाळाभर ऊब हवी, पायाखाली माती हवी आणि पडेल तेवढं ऊन हवं."

आजोबांनी तिला आधी स्वयंपाकघरात ठेवून पाहिले. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय घसरत. दिवसभर ती मागच्या दाराला डोके घासत बसे आणि अन्नाला तोंड लावत नसे. एडना आजींनी शेवटच्या दुखण्यात आजोबांकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. मेबलला कुणाला देऊन टाकायचे नाही, तिला जगवायचे. एके सकाळी आजोबा हातात करवत घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. बराच वेळ नुसतेच उभे होते. मग त्यांनी माझी दारे काढली आणि मला मागच्या अंगणात नेले.

आजोबांनी जन्मभर बस चालवली होती. सुतारकाम त्यांना बेताचेच येई. तरी त्यांनी मला मन लावून घडवले. माझ्या भिंती दुहेरी केल्या, मधे जाड फोम भरला. छप्पर पेटीच्या झाकणासारखे उघडते केले आणि वर डांबरी कागद ठोकला. आत छताला गरम होणारी एक पाटी बसवली, मेबलची पाठ भाजू नये म्हणून पाटीला जाळी लावली, आणि ऊब कमी झाली की आपोआप चालू होईल असे बटण जोडले. पुढे ऊन यावे म्हणून काचेची पडवी केली. घरातून माझ्यापर्यंत वायर आणायला त्यांनी दगडाळ जमिनीत चर खणला.

फक्त दाराचे माप चुकले. पहिल्याच दिवशी मेबल दारात अडकली, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. कुंपणापलीकडून शेजारच्या विनीबाई हे सगळे पाहत होत्या.

"नॉर्मन, दार तिच्या मापाचं केलंस की तुझ्या अकलेच्या?"

"माप घेताना तिने पाय आत घेतले होते."

"बाईमाणूस माप देताना अंग चोरतंच. इतकी वर्षं संसार करून एवढं कळलं नाही तुला?"

आजोबा हसले. एडना आजी गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

दार मोठे झाले. मेबल आत गेली, कोपऱ्यातल्या मातीत पाय रोवून बसली आणि आठवड्याच्या आत तिने काकडीची चकती खाल्ली. आजोबा पालथ्या बादलीवर बसून तिच्याकडे बघत राहिले. शेजारपाजारचे लोक मला पाहायला आले. कुणी म्हणाले, हे तर हॉटेल आहे. विनीबाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याने मला उभ्या जन्मात एक खुंटी ठोकून दिली नाही, आणि इथे कासवाला पडवी." मित्रांनो, मला फार अभिमान वाटला. माझ्या आयुष्यातले तेच दिवस चांगले होते.

रोझलिन देशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी राहते. रेल्वेने यायचे तर अख्खा दिवस जातो. ती रोज संध्याकाळी फोन करी. आजोबा घरात एकटे, त्यात वय झालेले, म्हणून तिने खोलीत टांगायला एक तापमापक पाठवला होता. घड्याळासारखा गोल. काटा हिरव्या पट्ट्यात असला की खोली उबदार, निळ्यात गेला की म्हाताऱ्या माणसाला धोका. तो त्यांनी बैठकीच्या खोलीत लावला.

"डॅड, काटा कुठे आहे?"

"हिरव्यात."

"नक्की ना?"

"तुझ्याशी मी कधी खोटं बोललोय का गं?"

ते खरोखरच कधी बोलले नव्हते.

नाताळच्या तोंडावर घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाला आला, तेव्हा आजोबा माझ्यात पेंढा घालत होते. तो अंगणातच म्हणाला, "सुटा भाग मागवावा लागेल, काका. सुट्ट्या लागल्यात. त्यात अर्ध्या गावाचे बॉयलर बसलेत. तुमचा नंबर आधी लावू का?"

"छे, छे. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांच्याकडे आधी जा. मी एकटा माणूस, मला कसली घाई."

तो गेला. आजोबांनी माळ्यावरची विजेची शेगडी काढली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा तांबडा उजेड मला दिसे. पण घरातली वायरिंग जुनी होती. शेगडी आणि मी एकदम चालू असलो की कधीतरी मुख्य बटण खाली पडे आणि दोघांचीही वीज जाई. एकदा असेच झाले आणि आजोबांना ते सकाळी कळले. त्यांनी माझे झाकण उघडले तेव्हा मेबल धोंड्यासारखी गार पडली होती. आजोबांनी स्वेटरची बटणे काढली, तिला छातीशी धरले आणि वरून कोट ओढून घेतला. ते बादलीवर बसले आणि तिच्याशी बोलत राहिले. "नाही हं मेबल. असं करायचं नाही. एडनाला काय सांगू मी?" खूप वेळाने तिचा एक पाय हलला.

त्या दिवसापासून खिडकीतला तांबडा उजेड मला पुन्हा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा तो गोल तापमापक घेऊन बाहेर आले. त्यांनी तो माझ्या आतल्या भिंतीला टांगला. मला वाटले, मेबलसाठी असेल. संध्याकाळी फोन वाजला. ते फोन कानाला लावूनच अंगणात आले आणि माझे झाकण उचलून आत वाकले.

"डॅड, काटा कुठे आहे?"

"हिरव्यात आहे, बाळ. अगदी मधोमध."

"बरं वाटलं. इथे फार थंडी आहे."

"इथेही आहे. अंगात गरम घाल काहीतरी."

मग रोज असेच होऊ लागले. फोन ठेवल्यावर ते थोडा वेळ तसेच हात माझ्यात घालून उभे राहत. हात निळसर पडलेले असत. मग झाकण हलकेच लावून घरात जात. विनीबाई गोड वड्या घेऊन यायच्या, तेव्हा आजोबा दारात कोट घालूनच उभे असत. "मेबलकडे निघालो होतो," म्हणत, आणि खरेच माझ्याकडे येत. विनीबाईंना आत बोलावणे होत नसे. त्यांना वाटे, एडना नाही म्हणून त्याला घरात कुणी नको आहे.

मित्रांनो, मी रात्रंदिवस उबदार होते. माझे बटण चोख काम करी. ते बिघडावे, मेबलला उचलून आजोबा विनीबाईंच्या दारी जावेत, असे मला कितीदा वाटले. पण त्यांनी मला चांगले बनवले होते.

जानेवारीत एके दिवशी आजोबा आले नाहीत. खिडकीचे पडदे उघडले गेले नाहीत. मेबल पडवीत येऊन उभी राहिली. दुपारी विनीबाई कुंपणाशी आल्या, पडद्यांकडे पाहिले आणि घरी जाऊन त्यांच्याकडची किल्ली घेऊन आल्या. मग मी त्यांना धावताना पाहिले. इतक्या वयाच्या बाईला धावताना पाहणे चांगले नव्हे.

आजोबा खुर्चीत होते. कोट, टोपी, आणि पायांवर एडना आजींची मागे राहिलेली शाल. रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. थंडी छातीत उतरली होती. रोझलिनची गाडी पोहोचली तेव्हा ते गेलेले होते.

दफनानंतर ती काकडी घेऊन माझ्याकडे आली. विनीबाई बरोबर होत्या. तिने माझे झाकण उचलले, आणि माझ्यातली ऊब तिच्या चेहऱ्यावर आली. तिच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या. तिने त्या पुसल्या आणि पुन्हा आत पाहिले. तापमापक तिच्या समोरच होता. काटा हिरव्यात, अगदी मधोमध.

विनीबाईंनी वाकून पाहिले आणि त्यांनाही समजले.

"तो तुझ्याशी खोटं नाही बोलला, पोरी."

"नाही," रोझलिन म्हणाली. "काटा कुठे आहे, एवढंच मी विचारत होते."

"मी तर कुंपणापलीकडेच होते," विनीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, माणसाला एकटं राहायचं असेल."

रोझलिनचा हात माझ्या बटणावर गेला. तिने ते बंद केले. पाटीचा बारीक गुणगुणाट थांबला. मी तिला दोष देत नाही, मित्रांनो. माझ्या उबेचा तिला राग आला होता, आणि तो योग्यच होता. मेबलने मान बाहेर काढली. एक पाऊल टाकले, मग दुसरे, आणि रोझलिनच्या हातातल्या काकडीपाशी येऊन थांबली. पूर्वी ती कधी कुणाच्या हातून खात नसे. त्या हिवाळ्यात आजोबांनी तिला ती सवय लावली, ते मीच पाहिले होते. रोझलिनने चकती पुढे धरली. मेबलने ती खाल्ली. सावकाश, सगळी.

रोझलिनने बटण पुन्हा चालू केले. मग माझ्या काठावर कोपरे टेकून, कोटाच्या बाहीत तोंड लपवून ती रडली. विनीबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आता ते घर दुसऱ्यांचे आहे. रोझलिनच्या इमारतीला अंगण नाही, म्हणून मेबल विनीबाईंकडे राहते, आणि मलाही कुंपण ओलांडून इकडे आणले आहे. डांबरी कागद एका कोपऱ्यात फाटला आहे, पावसात फळी फुगते. मेबल बरी झाली. ऊन असले की ती कुंपणाखालून जुन्या अंगणात जाते आणि स्वयंपाकघराच्या पायरीशी मान वर करून थांबते. तिथली नवी माणसे भली आहेत. ती तिला उचलून परत आणून देतात. ती पुन्हा जाते.

रोझलिन आता मधूनमधून विनीबाईंकडे राहायला येते. आल्या आल्या, कोट काढण्याआधी, ती बैठकीच्या भिंतीला तळहात लावून बघते.

"भिंत विकत घ्यायचीय का तुला?" विनीबाई विचारतात.

"बघू दे मला," ती म्हणते.

मित्रांनो, मी लाकडाचे एक खोके आहे, मला फार शहाणपण नाही. पण तुमचेही कुणीतरी म्हातारे माणूस दूर कुठेतरी एकटे असेल. ते तुम्हाला सांगेल की सगळे ठीक आहे, आणि तसे सांगताना त्याचा आवाजही गोड असेल. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या घरी जा. त्याचे हात हातात घ्या, भिंतीला हात लावून बघा. भिंत गार लागली, तर परतीची गाडी चुकू द्या.