मोटेलात शेगडी आली

मी एक जुनं मोटेल आहे, मित्रांनो. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला हायवेच्या कडेला पाय पसरून बसलोय. लाकडाचं अंग, वर प्लास्टर. तरणा होतो तेव्हा ट्रकवाले म्हणायचे, झोपावं तर इथल्या गादीवर. पुढं पलीकडं काचेची हॉटेलं झाली. माझा पूल पानांनी भरला, कार्पेटला वास धरला. मग माझ्याकडं यायचे ते घरभाडं झेपेना म्हणून बाहेर पडलेले लोक.

त्यातच नागपूरची संघमित्रा मावशी आणि तिची कॉलेजातली लेक आन्या. मावशी लोकांच्या घरी म्हाताऱ्यांची देखभाल करायची आणि स्वतः इथं ब्रेड खायची. खोलीत कुणी शिजवताना सापडलं की मालक त्याच दिवशी बाहेर काढायचा.

मालकानं मला विकायला काढलं. वाटलं, संपलं, आता बुलडोझर. पण राज्य सरकारनं पैसा दिला आणि घरं बांधणाऱ्या एका संस्थेनं मला घेतलं. दोन खोल्यांमधली भिंत फोडून एकेक घर केलं. आत ओटा, सिंक, शेगडी. भाडं ज्याच्या त्याच्या कमाईच्या मानानं. सरकारला नावं ठेवणारे मी पुष्कळ ऐकलेत, पण हे काम शाबासकीचंच. मावशीलाही घर मिळालं.

एक दिवस राज्याच्या हाउसिंग ऑफिसातला देवांग घरं तपासायला आला. अमेरिकेतच वाढलेला मराठी पोरगा. त्यानं दार वाजवलं. मावशीनं घाईघाईनं दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला.

"आन्या, सांग, आई झोपली."

"आई, काय करून राहिली तू? पूर्ण कॉरिडॉरला लसणाचा स्मेल येतोय."

"हळू बोल. घर काढून घेतलं तर जायचं कुठं?"

देवांगला सगळं ऐकू गेलं. "मावशी, कुणी काढत नाही. लीज तुमच्या नावावर आहे. शेगडी चालते का, तेवढंच चेक करतो."

दार हळूच उघडलं. तव्यावर भाकरी टम्म फुगली होती.

"चालते," मावशी म्हणाली. "डावीकडची तापत नाही लवकर."

"रिपेअर करून देतो."

"ते नंतर. आधी हात धू. उपाशी माणसाला काय दिसणार?"

पोरगा जेवला. तिसरी भाकरी त्यानं मागून घेतली. मावशीनं खिडकी सताड उघडली आणि माझ्या अंगणात फोडणीचा वास सुटला.

मित्रांनो, जुनं दिसलं की पाडा म्हणू नका. आणि तुमच्या गल्लीत अशी घरं व्हायची असली, तर आई-बाबांना घेऊन नगरपालिकेच्या मिटिंगला जा आणि घरांच्या बाजूनं बोला. आमच्या पार्किंगचं काय, असं तिथं विरोध करणारं कुणीतरी विचारेलच. त्याला म्हणा, बघू काका, पण आधी ह्यांची चूल पेटू द्या.