डावी बाजू कोरी

आमच्या कचेरीत मसुदा लिहिण्याची एक रीत होती. कागद उभा दुमडायचा, उजव्या अर्ध्यात मजकूर लिहायचा आणि डावा अर्धा कोरा सोडायचा. त्या कोऱ्या बाजूत तपासणाऱ्याने लाल शाईने दुरुस्त्या करायच्या. कारकुनाने त्या वाचायच्या, साफ नक्कल करायची, आणि मग कागद साहेबांच्या सहीला जायचा. इंग्रजी मसुदे तपासण्याचे हे काम एकोणीस वर्षे माझ्याकडे होते.

तेहेतीस साली नवे साहेब आले. त्यांनी पहिल्या महिन्यातच बत्तीस शब्दरूपांची एक यादी टाईप करून भिंतीवर लावली. ही रूपे आमच्या कागदांवर दिसता कामा नयेत, असा हुकूम. ‘इन्फर्मेशन्स’ नको, ‘फर्निचर्स’ नको, ‘डिस्कस अबाउट’ नको, ‘रिटर्न बॅक’ नको. सोलापुरात ही रूपे सगळीकडे चालत. वकिलांच्या नोटिसांत असत, दुकानांच्या पाट्यांवर असत. माणसे एकमेकांचे वाचून लिहीत आणि तेच बरोबर समजत. साहेब म्हणाले, बाहेर काय चालते ते मला माहीत आहे, म्हणूनच यादी लावली.

यादीबरोबर एक वहीही आली. कोणाच्या मसुद्यांत किती चुका निघाल्या तो आकडा मी दर आठवड्याला त्या वहीत लिहायचा आणि साहेबांनी शनिवारी सही करायची.

बिरप्पा त्याच वर्षाच्या अखेरीस उमेदवार म्हणून लागला. मैंदर्गीजवळच्या एका वस्तीवरचा धनगराचा मुलगा, वय बावीस. त्या वस्तीतून मॅट्रिक झालेला तो पहिलाच. उमेदवारीचे वर्ष संपताना वही बघून त्याला कायम करायचे की घरी पाठवायचे ते ठरणार होते. लहानपणी कानडी बोलला, शाळेत मराठी आणि पुस्तकापुरती इंग्रजी शिकला, पण लिहायची इंग्रजी लोकांचे अर्ज वाचून वाचून उचलली. त्यामुळे यादीतल्या बत्तीसपैकी वीस तरी त्याच्या हातात पक्की बसलेली होती.

पण तो वाद घालायचा, आणि ते मला आवडायचे. एकदा चराईच्या प्रकरणात त्याने ‘शीप्स’ लिहिले. मी सांगितले, इंग्रजीत एक असो वा शंभर, शीपच. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

“आण्णा, शंभर मेंढरं असली तरी एकच लिवायचं व्हय? या इंग्रजाला एकबी मेंढरू सांभाळायला देऊ नये.”

त्या संध्याकाळी जेवताना मी हे यशोदेला सांगितले. ती हसून हसून वाढायची थांबली. तिला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. पण रोज पानावर बसलो की ती विचारायची, आज कोणी काय लिहिले. मी सांगायचो. आता विचार करतो तेव्हा वाटते, लाल शाईचे ते काम मी इतकी वर्षे मन लावून करत होतो, कारण संध्याकाळी सांगायला काहीतरी हवे असायचे.

चौतीसच्या श्रावणात यशोदा गेली. विषमज्वराने एकवीस दिवस घेतले. सरोजिनी, आमची मुलगी, दुधनीला दिलेली. ती महिनाभर राहिली आणि तिच्या घरी गेली. मी कचेरीत परत आलो. सकाळी खानावळीत जेवायचो, रात्री जेवत नसे.

मसुदे येत होते. डावी बाजू कोरी असायची आणि तिच्याकडे बघून मला थकवा यायचा. चूक दाखवायची म्हणजे बिरप्पाला बोलवायचे, तो काही विचारणार, मी उत्तर द्यायचे. तेवढे बोलण्याची ताकद नव्हती. म्हणून मी एक सोपा मार्ग काढला. त्याचा मसुदा बाजूला ठेवायचा, दुसरा कागद घ्यायचा आणि सगळे पत्र स्वतःच लिहून काढायचे. ते थेट टायपिस्टकडे द्यायचे; मसुदा परत आला नाही की तो चुकीविना गेला असे बिरप्पा समजायचा. अर्ध्या तासात काम संपायचे, कोणाशी बोलावे लागायचे नाही. वहीत बिरप्पाच्या नावापुढे काय लिहायचे हा प्रश्न पहिल्या शनिवारी आला. दुरुस्ती केलीच नव्हती, म्हणून शून्य लिहिले. पुढच्या शनिवारीही शून्य. मग हातच तसा चालू लागला. चिंतामणराव, माझ्या शेजारचे कारकून, एकदा म्हणाले, तुमचा धनगर भलताच सुधारला की. मी मान हलवली.

पौषातल्या एका शनिवारी साहेबांनी मला बोलावले. वही त्यांच्यापुढे उघडी होती. ते म्हणाले, चार महिने या मुलाची एकही चूक नाही, हे तुमचे श्रेय आहे. मी त्याला कायम करतो. फक्त रीत म्हणून सोमवारी त्याने माझ्या खोलीत बसून कोंडवाड्यांचा अहवाल लिहावा, तो मी वरच्या कचेरीला दाखवीन. ते चांगले गृहस्थ होते. माझ्या बायकोबद्दल दोन शब्द बोलले. मी बाहेर आलो.

बिरप्पाला शिपायाकडून आधीच कळले होते. तो माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, आईला पत्र टाकतो. चार महिने एक चूक न्हाय म्हणजे मलाबी खरं वाटत न्हवतं. मी त्याचा सकाळचा मसुदा उघडला. पहिल्याच ओळीत ‘इन्फर्मेशन्स’ होते. दुसऱ्या ओळीत ‘रिटर्न बॅक’. त्याला खाली बसायला सांगितले आणि जे केले होते ते सगळे सांगितले.

त्याने खालच्या आवाजात विचारले, “माज्यावर दया केली व्हय तुमी?”

“दया नव्हती. कंटाळा होता.”

“मला वाटलं, मी शिकलो.”

त्याने तो मसुदा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच चुका शोधू लागला. दोन सापडल्या. मी सात मोजल्या होत्या. तो म्हणाला, यादी पाठ हाय की माझी, बत्तीसच्या बत्तीस. म्हणून दाखवू? मी म्हणालो, पाठ आहे हे मला माहीत आहे, पण लिहिताना हात जुन्याच वाटेने जातो. त्याला कोणीतरी रोज अडवावे लागते. ते मी केले नाही.

मग मी सांगितले की सोमवारी सकाळी साहेबांकडे जाऊन खरे काय ते सांगतो. त्याने नको म्हटले. उद्याचा रविवार हाय, रात्रंदिवस बसतो, सोमवारी माजं मी बघतो. मी म्हणालो, साहेबांच्या समोर सात चुका निघाल्या तर तुला त्याच दिवशी गाडीत बसवतील. मी सांगितले तर निदान मुदत मिळेल.

“आनि तुमचं?”

“माझं काय व्हायचं राहिलंय.”

तेव्हा तो उठून उभा राहिला. “असं बोलू नका, आण्णा. तुमी असं बोलता म्हनूनच हे झालं. तुमची बाई गेली, लई वाईट झालं. पन मी जित्ता हाय की. माजी नोकरी हाय ही.”

चिंतामणरावांनी मान वर केली आणि परत खाली घातली. बिरप्पा निघून गेला.

रविवार मी घरीच काढला. सोमवारी साहेब येण्याच्या आधी त्यांच्या दाराशी उभा राहिलो. बिरप्पा लांब बाकावर बसला होता, नवा टाक हातात घेऊन. त्याने माझ्याकडे बघितले नाही. थांबा म्हणून खूणही केली नाही.

साहेबांना सांगायला पाच मिनिटे लागली. ते रागावले नाहीत, त्यापेक्षा रागावले असते तर बरे. वहीची मागची पाने उलटत गेले, प्रत्येक शनिवारच्या आपल्या सहीकडे बघत. मग म्हणाले, “यज्ञेश्वरराव, मी तुमच्या आकड्यावर सही करत होतो. मीही उघडून बघितलं नाही.” त्यांनी माझ्या नोकरीच्या पुस्तकात शेरा लिहिला, कामात हयगय. बिरप्पाची उमेदवारी चार महिने वाढवली. या चार महिन्यांत त्याचा प्रत्येक मसुदा दुरुस्त्यांसकट त्यांच्याकडे जायचा, आणि अखेरीस अहवाल त्यांच्यासमोर लिहायचा. तेव्हा जमला नाही तर पुढे मुदत नाही.

बाहेर येऊन मी बिरप्पाला हे सांगितले. तो म्हणाला, बरं. टाक खिशात ठेवला आणि आपल्या जागेवर गेला. दुपारभर माझ्याकडे आला नाही. आईला लिहिलेले पत्र टाकले होते की नाही, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

चार वाजता तो कोंडवाड्यांच्या अहवालाचा मसुदा घेऊन आला. माझ्यापुढे ठेवला आणि स्टूल ओढून बसला.

“सांगा.”

मी सुरुवात केली. आवाज नीट लागत नव्हता, बऱ्याच दिवसांत इतके बोललो नव्हतो. प्रत्येक चुकीला तो विचारायचा, का? काहींचे कारण मला सांगता यायचे. काहींचे येत नव्हते. तिथे मी म्हणायचो, लोक चुकीचे लिहितात म्हणून ते बरोबर होत नाही, एवढेच मला माहीत आहे. हे उत्तर त्याला पटत नव्हते. तरी तो लिहून घेत होता. मध्येच एका ठिकाणी त्याचेच बरोबर निघाले आणि माझे चुकले. तेव्हाही तो हसला नाही.

साडेपाचला चिंतामणराव निघाले, इतर टेबले रिकामी झाली. आम्ही दुसऱ्या पानाच्या अर्ध्यात होतो. माझी पाठ दुखत होती. मी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणालो, बाकीचे उद्या बघू.

“उद्या न्हाय,” बिरप्पा म्हणाला. “आजच.”

मी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि परत बसलो.